गळालेला नववा फर्मा

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे मुकी म्हणायचे. ती मुकी नव्हती. आवाज चांगला होता, पण तीन वर्षांत आमच्या कानावर रोजची तीनच वाक्यं पडली. "मावशी, पाणी पिऊन येऊ?" "मावशी, गठ्ठा झाला." "मावशी, निघू?" बाकी दिवसभर मान खाली, एका कानात फोनची वायर आणि हात चालू. मुकी हे नाव मीच ठेवलं. मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारीने स्वतःचं तेवढं लपवलं.

मी तिथली तपासनीस. एकतीस वर्षं झाली. छापखान्यातून मोठे कागद येतात, त्यांच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक जुडगा होतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. लांबलचक टेबलावर पहिला फर्मा, दुसरा फर्मा, तिसरा, असे ढीग ओळीने लावलेले असतात. बायका टेबलाच्या कडेने चालत एकेक उचलत जातात आणि शेवटाला पोचल्या की हातात एक पुस्तक जुळलेलं असतं. परत पहिल्या ढिगाशी, परत शेवटाला. दिवसाचं किती चालणं होतं ते माझ्या गुडघ्यांना विचारा. चाळीस पुस्तकांचा गठ्ठा झाला की वर आपल्या नंबरची चिठ्ठी ठेवायची आणि गठ्ठा माझ्या टेबलावर. मी गठ्ठ्याची पाठ बघते. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, फर्मे नीट लागले की खुणांची तिरकी पायरी दिसते. पायरी तुटली की समजायचं, एखादा फर्मा गळाला. मग चिठ्ठीवरचा नंबर बघायचा आणि त्या नंबराच्या नावाने शंख करायचा. पायरी नीट असली तर चिठ्ठी रद्दीच्या पोत्यात.

आणखी एक सांगते. आम्ही बाइंडिंगवाले छापलेलं वाचत नाही. लोकांना वाटतं, एवढी पुस्तकं हाताखालून गेली, बाई किती शहाणी झाली असेल! कसलं काय. आम्ही खुणा बघतो, पानांचे आकडे बघतो. मजकूर उलटा की सुलटा एवढ्यापुरताच आमचा त्याच्याशी संबंध.

मुकीचा नंबर सात. हात असा की बघत राहावं. दोन बोटांनी फर्मा उचलायची, तो कधी दुमडला नाही, कधी दोन एकदम आले नाहीत. तीन वर्षांत एकदाही तिची पायरी तुटली नाही. मी बाकीच्यांना ओरडायची, "त्या मुकीकडे बघा, तोंड बंद ठेवलं की काम कसं होतं ते शिका!" आणि सगळ्या हसायच्या. तीही हसायची, थोडंसं, आवाज न करता.

तिला पहिल्या दिवशी तिचा नवरा घेऊन आला होता. औषधांच्या गोदामात मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट, बोलणं कसं मऊ. मला म्हणाला, "मावशी, ही जरा भोळी आहे हो. जगाची रीत कळत नाही. तुम्ही वडीलधाऱ्या, जरा लक्ष ठेवाल ना?" मी लगेच विरघळले. माझे हे, आता नाहीत ते, अख्ख्या संसारात एकदा विचारलं नाही त्यांनी की बाई, तू जेवलीस का. आणि हा बघा! सकाळी सोडायला यायचा, संध्याकाळी न्यायला यायचा, दाराशी उभा राहून ती बाहेर पडेपर्यंत घड्याळ बघायचा. कारखान्यातल्या बायका त्याला जावईबापू म्हणायच्या. घरी गेल्यावर आपापल्या नवऱ्यांना त्याचं नाव काढून टोचायच्या. माझ्या गुडघ्यांसाठी तो मलम आणून द्यायचा, न मागता.

मग त्याचे मेसेज सुरू झाले. सकाळी "मावशी, पोचली का नीट?" दुपारी "मावशी, जेवली का? डबा रिकामा केला का?" मी उत्तरं द्यायची. पोचली. जेवली. अर्धी पोळी ठेवली. स्वतःच्या मुलाच्या मेसेजला मी दोन-दोन दिवस उत्तर देत नाही, पण ह्याला लगेच. हळूहळू विचारणं वाढलं. आज कुणाशेजारी बसली? हसली का? कशाला हसली? संडासला किती वेळ गेली? हे शेवटचं वाचून मला जरा कसंसंच झालं होतं, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, बिचाऱ्याला काळजी. तब्येतीचं काही असेल. आणि लिहिलं, "दहा-बारा मिनिटं."

आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

डोळ्यांसमोर सगळं होतं. पाणी प्यायला जायच्या आधी ती मला विचारायची, पण विचारायच्या आधी क्षणभर थांबायची, कानातल्या वायरीत काही ऐकू येतंय का बघितल्यासारखी. आम्हाला वाटायचं गाणी ऐकते. एप्रनच्या खिशात फोन कायम गरम. एकदा चहाच्या सुट्टीत एकीने गमतीने तिच्या कानातली वायर ओढून स्वतःच्या कानाला लावली आणि म्हणाली, "अगं, हिच्या फोनमध्ये गाणंबिणं काही नाही, नुसतं कुणीतरी खोकतंय!" आम्ही पोट धरून हसलो. मुकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेही मी पाहिलं, आणि तिलाच म्हणाले, "काय गं, चेष्टाही चालत नाही का तुला?"

आणि ती केसांची गोष्ट. आमचा कटरवाला, म्हणजे पुस्तकांच्या कडा कापायच्या मशीनवरचा माणूस, नातवंडं असलेला, सज्जन. एक दिवस त्याची टोपी मशीनवरच्या पंख्याच्या वाऱ्याने उडाली आणि त्याची जी धावपळ झाली, ती बघून मुकी हसली. मोठ्याने हसली. पहिल्यांदाच आवाज ऐकला तिच्या हसण्याचा. तोही हसला, दोन शब्द बोलला तिच्याशी. मी कौतुकाने तिच्या नवऱ्याला लिहिलं, "आज तुमच्या मुकीला कंठ फुटला, आमच्या कटरवाल्याशी काय हसली!" शेवटी हसरा चेहरासुद्धा टाकला, नातीने शिकवलेला. तो शुक्रवार. सोमवारी मुकी आली तेव्हा तिचे कमरेपर्यंतचे केस कानापर्यंत आले होते, तेही वेडेवाकडे, एका बाजूला टाळू दिसत होती. म्हणाली, उवा झाल्या होत्या. आम्ही तिची थट्टा केली. मी सगळ्यांत जास्त.

त्यानंतर ती कटरवाल्याच्या खोलीसमोरून जाताना भिंतीकडे तोंड करून जायची.

आता त्या गुरुवारचं सांगते. सकाळी अकराच्या सुमाराला सात नंबरचा गठ्ठा माझ्यासमोर आला. गणिताचं पुस्तक, बारा फर्म्यांचं. मी सवयीने पाठ बघितली आणि चष्मा काढून पुसला. पायरी तुटलेली. एका पुस्तकाची नाही, चाळीसच्या चाळीस पुस्तकांची. उघडून बघितलं तर एकशे अठ्ठावीस पानानंतर पुन्हा एकशे तेरा. आठवा फर्मा दोनदा, नववा गायब. नवी पोर एखाद्या पुस्तकात अशी चूक करते. चाळीसच्या चाळीसांत एकाच जागी ही चूक होतच नाही, झोपेत केलं तरी होत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी सगळ्या कारखान्यासमोर ओरडले, "काय गं मुके, हातालाही झोप लागली का आता?" आणि तेवढ्यावर थांबले असते तर! फोन उचलला आणि तिच्या नवऱ्याला लिहिलं, "तुमच्या बायकोचं आज लक्ष नाही. चाळीस पुस्तकांचा घोळ घातलाय. घरी काही झालंय का?"

आमच्याकडे पद्धत अशी की चुकलेला गठ्ठा ज्याचा त्यानेच तपासनिसाबरोबर बसून सोडवायचा, तोही कटरच्या खोलीत, कारण मोकळं टेबल तिथेच आहे. त्या खोलीत मशीन चालू असलं की शेजारच्या माणसाच्याही कानात ओरडावं लागतं. मुकी गठ्ठा घेऊन आली, माझ्यासमोर बसली. मी बोलतच होते. तिने ओठांवर बोट ठेवलं. मला! तिने एप्रनच्या खिशावर बोट ठेवलं, मग कानावर ठेवलं, आणि गठ्ठ्यावरची चिठ्ठी उलटी करून माझ्यासमोर सरकवली.

मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षर होतं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय.

"मावशी, बोलू नका. फोन चालू असतो, तो दिवसभर ऐकतो. आधी चौदा चिठ्ठ्यांच्या मागे लिहिलं, तुम्ही मागे बघत नाही. म्हणून नववा काढला. उद्यापासून तो मला कामाला पाठवणार नाही. राजीनामा लिहून तयार आहे. मग मला घराबाहेर पडता येणार नाही. रविवारी तो माझ्या चपला कपाटात कुलपात ठेवतो. न्हाणीघराची आतली कडी त्याने काढली आहे. आई वारली तेव्हा मला जाऊ दिलं नाही. तो मारत नाही. मागच्या महिन्यात आपण ती पातळ पुस्तिका जुळवली, त्यात लिहिलंय की न मारता असं वागणं हाही आता गुन्हा आहे. पान अकरा. मला चौकीत घेऊन चला. तुम्ही त्याला लिहिता ते थांबवा."

चौदा चिठ्ठ्या. चौदा वेळा ह्या हातांनी नंबर बघून पोत्यात टाकल्या. ती पोती कधीच लगद्याच्या कारखान्यात गेलेली. आणि ती पुस्तिका! पाच हजार प्रती जुळवल्या होत्या आम्ही सगळ्यांनी. मी स्वतः पाच हजार पाठी तपासल्या. आत काय लिहिलंय ते अख्ख्या कारखान्यात एकीनेच वाचलं होतं, जिला आम्ही भोळी समजत होतो तिने.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. त्याचं उत्तर. "निघतोय मावशी. पाऊण तासात पोचतो. तिला तिथेच बसवून ठेवा."

काय केलं हे मी? मुकीला फोन दाखवला. ती रडली नाही, नुसती डोळे मिटून बसली. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कटरवाला मशीनवरून आमच्याकडे बघत होता. मी उठून त्याच्या कानात ओरडले, "मी सांगेपर्यंत मशीन बंद करू नकोस, कापायला काही नसलं तरी!" त्याने काय, कशाला, काही विचारलं नाही. मुकीने कानातली वायर काढली आणि फोन मशीनशेजारी ठेवला. रद्दीची गाडी लागते त्या मागच्या दाराने आम्ही बाहेर पडलो.

चौकी दोन गल्ल्यांवर. भर दुपार, रस्ता नेहमीसारखा. ती माझ्यापेक्षा एक पाऊल मागे चालत होती आणि प्रत्येक वळणावर थांबत होती. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाली, "कुणीकडे वळायचं ते तुम्ही सांगितलं नाही." अहो, समोर चौकीची पाटी दिसत होती! तीन वर्षं ह्याच रस्त्याने ती रोज ये-जा करत होती, पण स्वतःहून वळायची तिला सवयच राहिली नव्हती. मी तिचा हात धरला.

चौकीत एक पोलिसबाई होत्या, सर्दीने नाक लाल, समोर फायलींचा ढीग. मुकीला खुर्चीवर बसवलं आणि मीच तोंडाचा पट्टा सुरू केला. बाईंनी हात वर केला. "मावशी, तक्रार कुणाची आहे? त्यांना बोलू दे." मग मुकीला विचारलं, "मारतो का?" नाही. "धमकी देतो?" नाही. "पुरावा काही? कुणाला लिहिलेलं, कुणी पाहिलेलं?" मी म्हटलं, "चौदा चिठ्ठ्या होत्या हो." बाई म्हणाल्या, "कुठे आहेत?" "रद्दीच्या पोत्यात गेल्या."

मी म्हटलं, "अहो, कायदा आहे ना तुमचा? पान अकरावर! आम्हीच जुळवलंय ते!" बाई पहिल्यांदा थोड्या हसल्या. म्हणाल्या, "आहे. पण एका दिवसाच्या भांडणासाठी नाही तो. हे सतत चाललंय, पुन्हा पुन्हा, तिचं जगणं त्याने मुठीत धरलंय, असं दिसलं पाहिजे. काही तरी दाखवा मला. नुसत्या तोंडी बोलण्यावर तो वकील घेऊन येईल आणि संध्याकाळी ह्या त्याच्याबरोबर घरी."

संध्याकाळी घरी. हे ऐकून मुकीने खुर्चीची कड घट्ट धरली.

आणि तेव्हा माझा फोन वाजला. मी उचलला. देवाशप्पथ, विचार केलाच नाही, त्याचं नाव दिसलं की उचलायचा ही सवय. "मावशी, कुठे आहात? इथे मशीन चालू आहे, तिचा फोन पडलाय, ती नाही." आणि मी सांगितलं. "चौकीत." तोंडातून शब्द बाहेर पडला आणि मग कळलं. मुकी माझ्याकडे बघत होती. पोलिसबाईही बघत होत्या.

पाच मिनिटांत तो आला. धावत नाही, ओरडत नाही. हातात तिचा स्वेटर. "चल गं, थंडी वाजेल," म्हणाला. मग बाईंना म्हणाला, "माफ करा हं मॅडम, तुमचा वेळ घेतला. तिच्या गोळ्या चालू आहेत, मधूनच असं होतं. कामाचा ताण. उद्यापासून मी तिला घरीच आराम करायला लावणार आहे." इतकं गोड बोलत होता की क्षणभर मलाच वाटलं, आपलंच काही चुकलं असेल का? आणि मुकी उठली. कुणी तिला ओढलं नाही, दटावलं नाही. त्याने स्वेटर उघडून धरला आणि ती उठून त्याच्याकडे चालायला लागली.

पोलिसबाई म्हणाल्या, "थांबा. बाई, तुम्हाला तक्रार द्यायची आहे की नाही?"

मुकीने त्याच्याकडे बघितलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, मी कसा आहे ते ह्या मावशींनाच विचारा ना. आईसारख्या आहेत आम्हाला. तीन वर्षं रोज बघतायत. मावशी, सांगा की, मी किती काळजी घेतो."

सगळे माझ्याकडे वळले. फोन माझ्या हातात होता, घामाने ओला झालेला. पुरावा म्हणतात तो त्यातच होता सगळा, तीन वर्षांचा. पण तो दाखवायचा म्हणजे त्याचे प्रश्न दाखवायचे आणि त्याखाली माझी उत्तरं. मुकीला एवढंच ठाऊक होतं की मी त्याला काहीबाही लिहिते. काय काय लिहिलं ते तिने कधी वाचलं नव्हतं. मला लाज वाटली, भयंकर वाटली. एक मन म्हणालं, तोंडीच सांग ना, फोन कशाला? पण तोंडी काय सांगणार होते मी? मलम आणतो, सोडायला येतो, न्यायला येतो, हेच.

मी फोन बाईंच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "घेतो, खूप काळजी घेतो. वाचा. त्याची हेर मीच आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मावशी, हे खासगी आहे," म्हणाला आणि हात पुढे केला. बाईंनी फोन उचलून आपल्याकडे ओढला. "तुम्ही बाहेर बसा." "पण मॅडम—" "बाहेर." एक शिपाई त्याला बाहेरच्या बाकावर घेऊन गेला. दार बंद झालं तेव्हा मुकी अजून मध्यावर उभी होती, त्याने टाकलेला स्वेटर पायाशी.

बाई वाचत गेल्या. आधी मनात, मग लिहून घेण्यासाठी मोठ्याने. तारीख, वेळ, त्याचा प्रश्न, माझं उत्तर. संडासला किती वेळ गेली. दहा-बारा मिनिटं. जेवायला खिडकीजवळ बसली का. हो, उजेड चांगला येतो म्हणाली. दुसऱ्या दिवशीपासून ती खिडकीपासून लांब बसायला लागली होती, मला वाटलं होतं ऊन लागतं म्हणून. आईचा फोन कारखान्यात आला होता का. हो, मीच दिला तिला, खूप रडली बिचारी. बाईंनी विचारलं, "ह्यानंतर काय झालं?" मुकी म्हणाली, "आईला सांगितलं की मला तिच्याशी बोलायचं नाही. माझ्याकडून सांगायला लावलं. नंतर ती गेली." बाई लिहीत होत्या. मग तो शुक्रवार आला, कटरवाल्याचा, शेवटी हसऱ्या चेहऱ्याचा. बाईंनी तो वाचला आणि मुकीच्या केसांकडे बघितलं. काही विचारावं लागलं नाही. मुकी आपणहून म्हणाली, "कात्री माझ्याच हातात दिली होती. मी स्वतः कापावे म्हणून. तो खुर्चीवर बसून बघत होता."

ते तिने मला सांगितलं नाही, बाईंना सांगितलं. माझ्याकडे ती बघतच नव्हती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रडत होते, नाक वर ओढून, लहान पोरासारखी, आणि माझ्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. तेच बरोबर होतं.

दोन तास लागले. कधी बोलता बोलता मुकी थांबायची आणि कानाला हात लावून बघायची. मग वायर नाही हे लक्षात आलं की पुढे बोलायची. हळूहळू आवाज मोकळा होत गेला. शेवटी बाईंनी कागद तिच्यासमोर ठेवला. "वाचून सही करा." तिने एकेक ओळ वाचली, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दाखवली, आणि सही केली. माझी साक्ष वेगळ्या कागदावर घेतली. त्याला बाहेरच्या बाकावरून आतल्या खोलीत नेलं. आत जाताना तो मुकीला म्हणाला, "घराची किल्ली कुठे ठेवलीस?" एवढंच. ती जागच्या जागी शहारली, पण उत्तर दिलं नाही.

मग बाई म्हणाल्या, "आज रात्री कुठे राहणार? नातेवाईक?" मुकीने नाही म्हणून मान हलवली. मी लगेच पुढे झाले. "माझ्याकडे! माझी एक खोली रिकामीच असते. पोरी, चल, काही विचार करू नकोस. आईच्या घरी आल्यासारखी राहा." खरंच मनापासून म्हणत होते. तिच्यासाठी काय करू आणि काय नको असं झालं होतं मला.

मुकीने त्या दिवशी पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"नको, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही वाईट नाही. पण तुम्ही विचाराल. कुठे गेली होतीस, का उशीर झाला, कुणाशी बोललीस. तुम्हाला विचारल्याशिवाय राहवणार नाही, आणि मला सांगितल्याशिवाय राहवणार नाही."

एकही शब्द खोटा नव्हता.

बाईंनी कुठेतरी फोन केले. अशा बायकांसाठी एक घर असतं, तिथे जागा मिळाली. गाडी दाराशी लागली. मुकीकडे सामान नव्हतं, अंगावरचे कपडे आणि कारखान्याचा एप्रन. स्वेटर तिने जमिनीवरच राहू दिला. ती मागच्या सीटवर बसली आणि मी खिडकीशी जाऊन, सवयीनेच, ड्रायव्हरला म्हटलं, "कुठे नेताय हो हिला?"

"ते तुम्हाला सांगता येणार नाही," पोलिसबाई मागून म्हणाल्या.

लागलं मला. एकतीस वर्षांत कुणाचा गठ्ठा कुठे गेला हे मला ठाऊक नसेल असं झालं नव्हतं. राग आला, आणि लगेच कळलं की हा राग कसला आहे, कुणासारखा आहे. मी खिडकीवरचा हात काढला. गाडी सुरू झाली. समोर चौकात दोन रस्ते फुटतात. गाडी कुठल्या बाजूला वळते ते तिथून स्पष्ट दिसतं. मी चौकीच्या भिंतीकडे तोंड केलं आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत तशीच उभी राहिले.